वाजतगाजत निघालेली अंत्ययात्रा : 'मरणसोहळा' या कल्पनेचा पुनर्विचार

१. विषयाची मांडणी

मराठवाड्याच्या ग्रामीण बोलीत अंत्यविधीस जाण्याला 'मातीला जाणे' असे म्हणतात. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुका, त्यातील केदारखेड्यासारखी गावे आणि सभोवतालचा प्रदेश येथे या शब्दप्रयोगाची कोणासही फोड करून सांगावी लागत नाही. माती ही सर्वांची सारखीच. परंतु मातीला जाण्याची रीत मात्र सर्वांसाठी सारखी नसते. तरणाताठा माणूस गेला तर गावावर अवकळा पसरते, चुली पेटत नाहीत, आणि तिरडीमागून चालणारी माणसे एकमेकांशी बोलतही नाहीत. याउलट लेकी-सुना, नातवंडे-पणतवंडे पाहिलेला, हातीपायी धड असताना गेलेला म्हातारा असेल, तर घरात रडणे चाललेले असतानाच अंगणात एक निराळी चर्चा सुरू होते. भजनी मंडळाला निरोप जातो. टाळ-मृदंग येतात. क्वचित हलगी येते, आणि अलीकडे ऐपतीप्रमाणे बँडपथकही येते. गुलाल व फुले उधळली जातात, आणि ज्या खांद्यांवर आळीपाळीने तिरडी येते तेच लोक खांदा बदलल्यावर वाद्यांच्या ठेक्यावर पाय टाकतात. 'सोनं झालं म्हाताऱ्याचं' हा अशा वेळी ऐकू येणारा उद्गार होय.

या रीतीचे स्पष्टीकरण विचारले असता सुशिक्षितांकडून, आणि कित्येकदा मराठीच्या वर्गातूनही, एकच उत्तर सहज दिले जाते : मरणाकडे सोहळा म्हणून पाहावयास आपल्याला संतांनीच शिकविले, विशेषतः तुकोबांनी, खेड्यातील वाजतगाजत अंत्ययात्रा हे त्या शिकवणुकीचेच लोकरूप आहे. हे उत्तर चुकीचे आहे असे म्हणता येणार नाही; परंतु ते अपुरे आहे, आणि त्याच्या अपुरेपणामुळे काही माणसे आपल्या अभ्यासाच्या चौकटीबाहेर राहतात. प्रस्तुत निबंधात एवढेच दाखवावयाचे आहे की, 'सोहळा' हा शब्द संतकवितेत मरणारा स्वतःविषयी उच्चारतो, अंत्ययात्रेत तो मागे राहिलेले उच्चारतात, आणि त्या सोहळ्याचे वाद्य मात्र पुष्कळदा तिसऱ्याच कोणाच्या हाती असते. या तिघांचा विचार वेगवेगळा केल्याखेरीज 'मरणसोहळा' ही संकल्पना अभ्यासकाच्या उपयोगाची होत नाही.

२. आनंदाच्या अटी

प्रथम हे लक्षात घ्यावयास हवे की, वाद्ये लावून अंत्ययात्रा काढण्याची मुभा प्रत्येक मरणाला नाही. लोकाचाराने त्यासाठी काही अटी घातल्या आहेत, आणि त्या अटींतूनच या आनंदाचा अर्थ कळतो.

पहिली अट आयुष्याच्या पूर्ततेची. 'पिकलं पान गळायचंच' हे सांत्वनाचे वाक्य पिकल्या पानालाच लागू पडते. पणतू झालेल्या आजोबा-आजींवर सोन्याची फुले उधळण्याचा जो विधी महाराष्ट्रात प्रचलित आहे, त्याचा आणि वाजतगाजत निघणाऱ्या अंत्ययात्रेचा भावार्थ एकच आहे. वंश चौथ्या पिढीपर्यंत पोहोचला, आता जाणाऱ्याचे येथे काही अडकलेले नाही, असे कुटुंब जाहीर करीत असते. म्हणजे हा आनंद मरणाचा नसून पुरे झालेल्या जगण्याचा आहे.

दुसरी अट स्त्रियांपुरती आहे व ती अधिक अडचणीची आहे. पतीच्या अगोदर मृत्यू आलेल्या स्त्रीचे मरण 'अहेव मरण' म्हणून भाग्याचे मानले जाते. तिला हिरवे लुगडे नेसवितात, मळवट भरतात, हिरवा चुडा घालतात, ओटी भरतात. नवरी जशी सजवावी तशी तिला सजवून निरोप देतात. जात्यावरच्या ओव्यांत या मरणाची मागणी पुनःपुन्हा आढळते. हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्या संग्रहातही अहेव मरणाचा विषय वारंवार भेटतो. येथे ओवी गाणारी स्त्री मरणाचा सोहळा मागते खरी, परंतु तो मागताना ती वैधव्यातून सुटका मागत असते. वरवर समाधानाच्या वाटणाऱ्या त्या ओव्यांच्या तळाशी भय आहे, ही गोष्ट वाचकाने विसरता कामा नये.

तिसरी अट साधनेची. ज्याचे मरण हे मरण नसून ऐक्य आहे अशी समाजाची श्रद्धा असते, त्याची अंत्ययात्रा मिरवणुकीसारखी निघते. लिंगायत समाजात मृत्यूला 'लिंगैक्य' म्हणतात. देह बसत्या स्थितीत सजवून, भजन व वाद्यांच्या घोषात नेऊन, बसविलेल्या स्थितीतच त्याला समाधी देतात. जैन परंपरेत संथारा घेऊन देह ठेवणाऱ्यांची पालखीही अशाच उत्सवी स्वरूपात निघते. वारकरी संप्रदायात तर मोठे उत्सवच समाधीच्या वा निर्याणाच्या तिथींना भरतात. आळंदीस कार्तिक वद्य त्रयोदशी, पैठणला नाथषष्ठी, देहूला तुकाराम बीज. जन्मतिथीपेक्षा निर्याणतिथीला यात्रा भरविणारा हा संप्रदाय आहे, आणि 'समाधी सोहळा' हा शब्द त्याच्या नित्याच्या व्यवहारातला आहे.

या तीन अटींपैकी एकही न पाळणारे मरण, म्हणजे अकाली आलेले, अपघाती, आत्महत्येचे किंवा बाळंतपणातले, वाद्यावाचून जाते. म्हणून 'आमच्याकडे मरण हा आनंद आहे' हे सरसकट विधान करता येत नाही. आनंद हा निवडक मरणांना दिलेला मान आहे.

३. संतकवितेतील सोहळा : कोणाचा आणि कोणी म्हटलेला?

मराठीत मरणसोहळ्याचे पहिले विस्तृत चित्र नामदेवांच्या नावावरील समाधिप्रकरणाच्या अभंगांत सापडते. इ. स. १२९६ मध्ये आळंदीस ज्ञानदेवांनी समाधी घेतली त्या प्रसंगाचे हे वर्णन आहे. संतांचा मेळा जमतो, कीर्तन होते, समाधीची जागा झाडून साफ केली जाते, ज्ञानदेव आसनस्थ होतात आणि निवृत्तिनाथ शिळा लावतात. सोहळ्याची सर्व अंगे येथे आहेत. तथापि या अभंगांचे खरे सामर्थ्य सोहळ्याच्या वर्णनात नाही. ज्यांनी ज्ञानदेवांना अद्वैताचा बोध दिला, मृत्यूचे मिथ्यात्व शिकविले, ते गुरू निवृत्तिनाथच येथे कोलमडतात. बांध फुटलेल्या तळ्यासारखी त्यांची अवस्था होते, असे कवी सांगतो. तत्त्वज्ञान ज्या गोष्टीला उत्सव म्हणते तिलाच थोरल्या भावाचे हृदय वियोग म्हणते, आणि कवी दोघांनाही खोटे ठरवीत नाही. टाळमृदंगाचा घोष आणि फुटलेला हुंदका यांना एकाच प्रसंगात स्थान देणे, ही मराठी मरणसोहळ्याची मूळ घडण होय.

तुकोबांचा आपले मरण आपणच पाहिल्याचे सांगणारा प्रसिद्ध अभंग या संदर्भात नेहमी पुढे केला जातो. त्यातील विधानाचा कर्ता कोण, इकडे मात्र क्वचितच लक्ष दिले जाते. येथे मरणारा आणि पाहणारा एकच आहे. जे मेले ते अहंतेने बांधलेले जिणे. जे उरले ते त्याकडे पाहणारे साक्षित्व. स्वतःच्या क्रियाकर्माची भाषा वापरणारे तुकोबांचे अन्य अभंगही याच जातीचे आहेत. तेथे जळणारे सरण ज्ञानाचे आहे. अशा ठिकाणी 'सोहळा' हा शब्द वापरण्याचा अधिकार कवीने स्वतः मरून मिळविलेला आहे. मागे राहिलेल्यांनी दुसऱ्याच्या देहाविषयी तोच शब्द उच्चारला की शब्द तोच राहतो, परंतु बोलणारा बदलतो; आणि बोलणारा बदलला की अर्थही बदलतो. गावातील अंत्ययात्रेला तुकोबांच्या अभंगाचा आधार देताना हा फरक पुसला जातो.

याचा अर्थ लोकांनी संतांचा शब्द चुकीच्या ठिकाणी वापरला असा नव्हे. टाळ वाजविणारा वारकरी स्वतः त्याच वाटेचा वाटसरू असतो. आज त्याच्या हाती टाळ आहे, उद्या त्याच्यासाठी कोणी तो वाजवील. भजनी मंडळाच्या अंत्ययात्रेत वाजविणारे आणि शोक करणारे यांची मंडळी एकच असते. म्हणूनच तेथे 'सोहळा' हा शब्द उसना वाटत नाही. हा निकष ध्यानात ठेवून पुढील विचार करावयाचा आहे.

४. अजिंठ्याच्या भिंतीवरील दोन थर

शोक आणि वाद्य एकाच चौकटीत ठेवण्याची ही दृष्टी संतपरंपरेहून कितीतरी जुनी आहे, आणि तिचा एक थोर पुरावा भोकरदन परिसराच्या शेजारीच आहे. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यात डाव्या भिंतीवर बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील भव्य शिल्प आहे. सुमारे सात मीटर लांबीची बुद्धमूर्ती उजव्या कुशीवर पहुडलेली आहे. तिच्या खालच्या बाजूस भिक्षू व उपासक शोकात बुडालेले दिसतात; वरच्या बाजूस मात्र आकाशातून देवगण वाद्ये घेऊन आनंदाने उतरत आहेत. मधला देह दोघांकडेही पाहत नाही.

पाली 'महापरिनिब्बानसुत्ता'तही असाच दुहेरी सूर आहे. आसक्ती न सुटलेले भिक्षू हात वर करून आक्रोश करतात, वीतराग भिक्षू स्मृतिपूर्वक सहन करतात. आणि कुसिनारेचे मल्ल नृत्य, गीत, वाद्ये, माळा व गंध यांनी तथागताच्या देहाचा सन्मान करण्यात दिवसामागून दिवस घालवितात, ते इतके की दहन सातव्या दिवशी होते. नाचत-वाजत निघालेल्या अंत्ययात्रेचे भारतीय वाङ्मयातील हे एक प्राचीन वर्णन म्हणावे लागेल. येथेही नाचणारे मल्ल हेच शोक करणारे आहेत. त्यांनी नाचण्यासाठी दुसऱ्या कोणास बोलाविलेले नाही.

अजिंठ्याच्या शिल्पकाराने शोक खाली व वाद्ये वर ठेवली. गावगाड्याने ही रचना उलटी केली. तेथे वाद्ये वाजविणारे खालच्या थरावर गेले.

५. वाजविणारे हात

गावगाड्यातील मरण हा केवळ एका कुटुंबाचा प्रसंग नसे. तो बलुतेदारीने वाटून दिलेल्या कामांचाही प्रसंग असे. परगावच्या सोयऱ्यांना मरणाचा सांगावा पोहोचविणे, सरणाची लाकडे वाहणे ही कामे महारांकडे. हलगी, डफडे, सनई वाजविण्याचे काम बहुतेक ठिकाणी मांगांकडे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुत्याच्या देवघेवीचे जे तपशीलवार चित्र आहे, त्यावरून या कामांमागील सक्ती व मोबदल्यातील अनिश्चितता दोन्ही दिसतात. खळ्यावर मिळणारे धान्य हा हक्क होता. परंतु तो हक्क मागण्याची रीत याचनेची होती. मराठवाड्यातील अभ्यासकांना प्रभाकर मांडे यांच्या 'गावगाड्याबाहेर'सारख्या लेखनामुळे या थराची ओळख आहेच.

येथे एक विसंगती स्पष्टपणे मांडली पाहिजे. ज्याच्या हलगीच्या ठेक्यावर म्हाताऱ्याची अंत्ययात्रा 'सोहळा' होते, तो हलगीवाला त्या सोहळ्यात सामील नाही. तो सर्वांच्या पुढे चालतो, पण तिरडीला त्याचा खांदा लागत नाही. हलगीचे कातडे ताणले जावे म्हणून तो ती जाळावर शेकतो. त्याच्या हाताशिवाय यात्रा निघत नाही, आणि त्याचा हात लागलेला चालतही नाही. भजनी मंडळात वाजविणारे व शोक करणारे एक होते. येथे ते दुभंगले आहेत. आनंद एकाचा आणि त्याचा आवाज दुसऱ्याचा, अशी ही विभागणी होय.

संतकवितेच्या अंगणातही ही भेग दिसते. मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम कोसळून चोखोबा इतर मजुरांसह गाडले गेले, आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरपुरास आणल्या, अशी परंपरा आहे. हाडांतून विठ्ठलनामाचा ध्वनी येत होता त्यावरून ती ओळखली, असे आख्यायिका सांगते. वारकरी परंपरेने कल्पिलेली ही एक विलक्षण अंत्ययात्रा आहे. तिला हलगीवाला लागत नाही; मृताची हाडेच बोलतात. परंतु ज्या भिंतीखाली चोखोबा गेले ती वेठीच्या कष्टाची भिंत होती, आणि त्यांची समाधी महाद्वारासमोर झाली, आत नव्हे. समतेचे स्वप्न आणि उंबऱ्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी त्या आख्यायिकेने जपून ठेवल्या आहेत.

आधुनिक दलित साहित्याने मरणाच्या प्रसंगाकडे नेमके या बाजूने पाहिले. शंकरराव खरात यांच्या 'तराळ-अंतराळ' (१९८१) या आत्मकथनात विहिरीतील प्रेत बाहेर काढण्याचे काम तराळकीच्या कर्तव्यापोटी लेखकाच्या वडिलांवर येऊन पडते. विहिरीच्या काठावर गाव व सरकारी अधिकार उभा आहे, आणि जीव धोक्यात घालून आत उतरणारा एकच माणूस आहे. प्रेत कोणाचेही असो, त्याच्याशी येणारा सर्वांत जवळचा संबंध गावाने ज्याला सर्वांत दूर ठेवले त्याच्याकडे दिलेला आहे. मरणाचे सोने होण्याची भाषा या विहिरीच्या काठावर सुचत नाही.

अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा तर या भाषेलाच प्रतिप्रश्न करते. वारणेच्या खोऱ्यातून मुंबईस आलेला भीमा उपनगरातील खाणीवर काम करतो. खाण बंद पडते. चितेच्या राखेत त्याला सोने सापडते, आणि मृताच्या मुखात वा अंगावर ठेवलेले सोने शोधण्याचा धंदा तो पत्करतो. शेवटी पुरलेले प्रेत उकरताना त्याची बोटे प्रेताच्या जबड्यात अडकतात. जीव वाचतो पण बोटे गमवावी लागतात, आणि खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता नेमकी तेव्हाच येते. पणतवंडांच्या हातून उधळलेली सोन्याची फुले, मृताच्या मुखात ठेवलेले सोने, 'सोनं झालं' हा उद्गार हे सर्व एकीकडे. आणि त्याच सोन्यावर ज्याच्या घरची चूल पेटते तो भीमा दुसरीकडे. अण्णा भाऊंनी अलंकारिक सोन्याला खरे वजन दिले. मरणसोहळ्यावरील कोणताही वर्ग ही कथा वाचल्याशिवाय पुरा होऊ नये, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

६. बलुत्याकडून सुपारीकडे

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले; वतनाच्या तुकड्यापायी होणाऱ्या सक्तीच्या चाकरीवर तो घाव होता. मुंबई राज्यात कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने येथील कायद्याचा इतिहास निराळा असला, तरी सामाजिक नकाराचा इतिहास समान आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर पुष्कळ गावांत सांगावा नेणे, मेलेली जनावरे ओढणे, वाजविणे ही कामे सोडण्यात आली. त्याबद्दल बहिष्कारही सोसावे लागले. गावाच्या मरणात जी शांतता पडली ती दुःखाची नव्हती. ती काम नाकारल्याची होती. वाङ्मयाच्या इतिहासात या शांततेची नोंद घ्यावयास हवी.

हलगीची जागा ज्या बँडपथकाने कमीअधिक प्रमाणात घेतली, त्याचे मूळ ब्रिटिश लष्करी वाद्यवृंदात आहे. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम, मोठा ढोल व साइड ड्रम ही वाद्ये छावणीतून संस्थानांत, तेथून शहरांच्या लग्नांत आणि तेथून तालुक्याच्या गावांत आली. ग्रेगरी बूथ या संगीतअभ्यासकाने 'ब्रास बाजा' (२००५) या ग्रंथात देशभरच्या बँडवाल्यांच्या मुलाखतींतून दाखविले आहे की, हा व्यवसाय प्रायः समाजाच्या खालच्या मानलेल्या जातींतील व मुसलमान वादकांच्या हाती राहिला, आणि दिमाखदार गणवेशाखाली त्यांची प्रतिष्ठा बेताचीच राहिली.

तरीही बलुते आणि सुपारी यांत मूलभूत फरक आहे. बलुत्यात वाजविणारा नाही म्हणू शकत नव्हता. सुपारीत तो दर सांगतो, तारीख सांगतो, आणि नकारही देऊ शकतो. गणवेशाने त्याची जात झाकली गेली नाही, परंतु त्याच्या कामाला 'काम' हे नाव मिळाले. ज्या पथकाने सकाळी लग्नाची वरात वाजविली तेच दुपारी अभंगाच्या चालीवर म्हाताऱ्याला वाटेस लावते, यात अनादर नाही. लग्न आणि मरण यांना एकच मिरवणूक देण्याची आपली जुनीच रीत तेथे नव्या वाद्यांवर चालू आहे. तिरडी विसाव्याला टेकते, खांदेकरी बदलतात; त्या क्षणभराच्या थांब्यात वाद्यही थांबते, आणि त्या शांततेत मागचे रडणे ऐकू येते. आनंद शोकावाचून नाही, याची ही साक्ष आहे.

बाहेरच्या जगाशी तुलना केल्यास वरील निकष अधिक स्पष्ट होतो. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात कृष्णवर्णीयांच्या परस्परसाहाय्य मंडळांनी वर्गणीतून आपल्या सभासदांच्या आजारपणाची, दफनाची व बँडची सोय केली. दफनभूमीपर्यंत संथ प्रार्थनागीते, आणि देहाचा निरोप घेतल्यावर परतीच्या वाटेवर वेगवान, नाचविणारे सूर, अशी तेथील रीत आहे. तेथे शोक अगोदर पुरा केला जातो, मग नृत्य सुरू होते. आणि वाजविणारा हा मृताच्याच वस्तीतला, त्याच इतिहासातला माणूस असतो. याउलट तमिळनाडूत पराई हे वाद्य मर्तिकात वाजविण्याची जातीय सक्ती होती. तेथील दलित चळवळीने प्रथम ते वाजविण्यास नकार दिला, आणि पुढे तेच वाद्य प्रतिष्ठेची कला म्हणून रंगमंचावर आणले. वाद्य तेच, ठेकाही तोच. परंतु कोणाच्या इच्छेने वाजते यावर ते सक्ती ठरते की उत्सव, हे अवलंबून असते.

७. उंबऱ्याच्या आत

अंत्ययात्रा हा घराबाहेरचा प्रसंग आहे. गुलाल अंगणात उधळला जात असतो तेव्हा उंबऱ्याच्या आत काय घडते, याचा उल्लेख सोहळ्याच्या वर्णनात येत नाही. गेलेला पुरुष असेल आणि त्याची पत्नी हयात असेल, तर त्याच दिवसांत तिच्या बांगड्या फोडल्या जातात, कुंकू पुसले जाते, जोडवी काढली जातात. नव्वदीच्या पतीचे सोने झाले, परंतु पंचाऐंशीच्या पत्नीचे काय झाले? तिनेही तेच आयुष्य, तीच पणतवंडे पाहिली. एकाच पूर्ततेचा एकाला सन्मान व दुसरीला दंड, हे या आनंदाचे सर्वांत मोठे न्यून होय. स्त्रिया स्मशानात जात नाहीत, या पूर्वापार नियमामुळे तिला वाद्यही दुरूनच ऐकावे लागते.

या बाबतीत अलीकडे झालेला एक बदल नोंदविण्यासारखा आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनी त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. ठरावाने मन बदलत नाही हे खरे. परंतु अहेव मरणाच्या ओव्यांमागील भयाला सार्वजनिक उत्तर देण्याचा तो प्रयत्न आहे. ते भय जेव्हा खरोखर नाहीसे होईल, तेव्हाच त्या ओव्यांतील मागणी केवळ प्रेमाची म्हणून वाचता येईल.

८. समारोप

२०२० च्या टाळेबंदीत अंत्यविधीस वीसपेक्षा अधिक माणसांना मज्जाव होता. पिकल्या पानांनाही त्या काळात वाद्याविना, कित्येकांना घरच्यांच्या खांद्याविनाही जावे लागले. त्या काळी माणसांना जे उणे वाटले ते गुलाल वा बँड नव्हे. माणूस गेला हे चारचौघांत सांगता आले नाही, याची ती खंत होती. वाजतगाजत अंत्ययात्रेचे मूळ प्रयोजन यातून उलट बाजूने कळते. एका पुऱ्या झालेल्या आयुष्याला गावाने दिलेली ती जाहीर पोच आहे. ही पोच देण्याची रीत टिकावी असेच कोणालाही वाटेल.

तात्पर्य, वाजतगाजत अंत्ययात्रेचा निषेध करावा असे येथे सुचवावयाचे नाही, आणि तिचे भाबडे गौरवीकरणही नको. संतकवितेतील सोहळा स्वतः मरणाऱ्याचा आहे, भजनी मंडळाचा सोहळा सहप्रवाशांचा आहे, गावगाड्यातील सोहळा इतरांच्या सक्तीच्या हातांनी वाजविलेला होता, आणि बँडपथकाचा सोहळा मोल देऊन घेतलेला आहे. चारही ठिकाणी शब्द एकच असल्यामुळे अभ्यासकाची फसगत होण्याचा संभव असतो.

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांपैकी अनेक जण केदारखेड्यासारख्या गावांतूनच येतात. त्यांच्यासाठी हा विषय ग्रंथालयाइतकाच स्वतःच्या अंगणातला आहे. मातीला, तिरडीला, विसाव्याला, सावडण्याला आपल्या गावात कोणते शब्द आहेत. कोणत्या मरणाला वाद्य लागते व कोणत्या नाही. पूर्वी कोण वाजवीत असे, त्याने ते केव्हा व का सोडले, किंवा का सोडले नाही. आणि त्या वेळी घरातल्या म्हातारीला काय वाटले, या चार प्रश्नांची उत्तरे गोळा केली तरी पुष्कळ काम होईल. मात्र ती विचारताना टाळकऱ्याबरोबर हलगीवाल्याकडेही बसावे लागेल, आणि ओसरीवरून उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जावे लागेल. मरणसोहळ्याचा अर्धा अर्थ आजवर तेथेच न विचारता राहिला आहे.